‘अभिनिमंत्रित करणे’ : अधिवेशन नेमके कोण बोलावते?

प्रश्न (परभणी) : मराठवाड्याच्या अनुशेषावर विधिमंडळाचे विशेष अधिवेशन व्हावे, यासाठी आम्ही राज्यपालांना निवेदन देणार आहोत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) मध्ये मराठवाड्याबाबत त्यांच्या विशेष जबाबदारीचा उल्लेख आहे. तेव्हा ‘आपण स्वतःहून अधिवेशन बोलवावे’ असे लिहिणे योग्य ठरेल का? शिवाय ‘बोलावणे’ लिहावे की ‘अभिनिमंत्रित करणे’?

उत्तर (लातूर) : दोन्ही क्रियापदे चालतील, निवेदनात ‘अभिनिमंत्रित’ जरा जडच वाटेल. खटकतो तो ‘स्वतःहून’. अनुच्छेद 174 प्रमाणे सभागृह राज्यपालांच्याच आदेशाने भरते, परंतु तो आदेश अनुच्छेद 163 नुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निघावा लागतो. अरुणाचल प्रदेशात 14 जानेवारी 2016 रोजी सुरू व्हायचे अधिवेशन तेथील राज्यपालांनी मंत्रिमंडळाला न विचारता 16 डिसेंबर 2015 वर आणले, तेव्हा नबाम रेबिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने जुलै 2016 मध्ये तो आदेश रद्द केला. सरकारने बहुमत गमावल्याचे सबळ कारण असेल तर गोष्ट निराळी. अनुशेषाच्या मागणीशी तिचा संबंध नाही. 371(2) मधील जबाबदारीही विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांच्या संधी एवढ्यापुरती आहे. सभागृह भरवण्याचा वेगळा अधिकार त्यातून निघत नाही.

उपप्रश्न (नांदेड) : मंत्रिमंडळाने शिफारस केली आणि राज्यपालांनी ती अडवली तर?

उत्तर (लातूर) : असे घडलेले आहे. केरळमध्ये डिसेंबर 2020 मध्ये कृषी कायद्यांवरील विशेष अधिवेशनाला राज्यपालांनी आधी नकार दिला, पण त्याच महिन्याच्या 31 तारखेला ते भरले. पंजाबचे प्रकरण शब्दांच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. ‘तहकूब करणे’ (बैठक पुढे ढकलणे) हे विधानसभा अध्यक्षांचे काम आणि ‘सत्रसमाप्ती’ (अधिवेशन औपचारिकपणे संपवणे) राज्यपालांच्या आदेशाने होते. वर्तमानपत्रे मात्र दोन्हींसाठी सर्रास ‘अधिवेशन संपले’ असे छापतात. पंजाबात सत्रसमाप्ती झालेली नसताना अध्यक्षांनी तहकूब सभागृह जून 2023 मध्ये पुन्हा भरवले; त्या बैठकांच्या वैधतेवर राज्यपालांना शंका घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2023 रोजी सांगितले.

जाता जाता, ‘विशेष अधिवेशन’ असा वेगळा प्रकार अनुच्छेद 174 मध्ये नाही. तो रूढ शब्दप्रयोग आहे, आणि निवेदनात खुशाल वापरावा. वाक्य असे करावे : ‘राज्य मंत्रिमंडळाने शिफारस करावी व तदनुसार मा. राज्यपालांनी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलवावे.’ निवेदन मुख्यमंत्र्यांच्या नावे द्यावे आणि प्रत राज्यपालांच्या कार्यालयाला पाठवावी.