काल रात्रीचा अग्निगोल आणखी कुणी पाहिला का? दिशा हवी आहे

काल रात्री ९:४० च्या सुमारास धायरीत गच्चीवर होतो. सिंहगडाच्या टॉवरच्या लाल दिव्यांवरून डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, एक प्रचंड तेजस्वी उल्का गेली. आधी हिरवट, मग नारिंगी, शेवटी दोन-तीन तुकडे. पाण्याच्या टाकीची सावली स्लॅबवर सरकताना स्पष्ट दिसली! अंगावर काटा आला.

सगळं मिळून चारेक सेकंद. २ एप्रिल २०२२ ला विदर्भात दिसलेले रॉकेटचे जळते तुकडे बराच वेळ संथ सरकत होते, तसं हे नव्हतं. फटाका किंवा ड्रोनही नाही, आवाज अजिबात नव्हता. स्फोटाचा आवाज काही मिनिटांनी पोहोचू शकतो म्हणून दहा मिनिटं थांबलो, काही ऐकू आलं नाही.

सकाळी त्याच जागी उभं राहून होकायंत्राने दिशा घेतली. हात लांब करून मूठ धरली (एक मूठ साधारण १० अंश), त्यावरून सुरुवात क्षितिजापासून ४० अंशांवर, शेवट १५ वर. सोसायटीच्या सीसीटीव्हीत फक्त पार्किंगमधला लख्ख उजेड आलाय, पण वेळ सेकंदापर्यंत मिळाली. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर नोंदही केली.

पण एकाच जागेवरून उंची आणि मार्ग काढता येत नाही. म्हणून भोर, वाई, सातारा, महाडकडच्यांना विचारतो: तुम्हाला तो कोणत्या दिशेला दिसला, डावीकडे गेला की उजवीकडे, आणि नंतर गडगडाट ऐकू आला का?