रडारवर दिसतो तो 'प्रतिध्वनी' म्हणायचा का?

मोहफूल, आर्वी
गावच्या शाळेतल्या भित्तिपत्रकासाठी एक लेख मराठीत करतेय. टेक्ससमधल्या ब्रॅकन गुहेतून संध्याकाळी लाखो वटवाघळं निघतात, ती हवामानाच्या रडारवर ढगासारखी पसरताना दिसतात. रडारवरच्या त्या खुणेला मूळ इंग्रजीत 'एको' म्हटलंय, त्याला मी प्रतिध्वनी लिहिलं. पुढच्याच परिच्छेदात वटवाघूळ स्वतःच्या चीत्काराच्या प्रतिध्वनीवर किडे पकडतं! रडारच्या रेडिओलहरींत ध्वनी कुठला? पोरांना वाटेल, रडार वटवाघळांचा आवाज ऐकतं.

जुना मास्तर
'परावर्तन' लिहा. अंगातल्या पाण्यावर आपटून लहरी परततात, एवढंच आहे ते.

मोहफूल, आर्वी
सर, ती क्रिया झाली. पडद्यावर उमटतं त्याला काय म्हणू?

हिंगणघाटकर
पडसाद?

जुना मास्तर
पडसाद म्हणजेही परत आलेला आवाजच. ध्वनी सुटला नाहीच की, भाऊ.

सातपुडा
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवाल्यांना उलगडा न होणारे ठिपके दिसत. त्यांना ते 'एंजल' म्हणत. त्यातले पुष्कळ पक्षी निघाले. आपण 'चाहूल' म्हणू या. कोणीतरी आलंय हे कळतं, कोण ते कळत नाही. नुसत्या ठिपक्यावरून रडारलाही जात ओळखता येत नाही; कुठून उठला, किती वाजता, यावरून अंदाज बांधावा लागतो.

जुना मास्तर
चाहूल कवितेत ठीक. शास्त्रात शब्द नेमका हवा.

वऱ्हाडी
चाहूल मले पटली. पन ताई, तुमी वटवाघूळ काहून लिहून राह्यल्या? आमी वाघूय म्हनतो. चैतात पहाटे मोहं वेचाले गेलं का त्याईनं चोखून फेकलेला चोथा पायाले चिकटते. ते मोठं, फयं-फुलं खानारं. गुहेतलं किडे खानारं लहान, ते पाकोयी. शाळेत वाघूय लिहिलं तं वहीवर लाल रेघ मारली होती, आजही आठवते.

हिंगणघाटकर
पाकोळी पक्षी आहे हो! आमच्या वाड्याच्या छताला तिची मातीची घरटी आहेत.

वऱ्हाडी
माही आजी दोघाईलेही पाकोयीच म्हने. अंधारात फडफडलं का पाकोयी.

जुना मास्तर
बोलताना म्हणा. लेखात 'ळ' पाहिजे, आणि एका शब्दाचा एकच प्राणी.

सातपुडा
सर, मग मोठं ते वटवाघूळ म्हणायचं तर वडावरच का? आमच्याकडे चिंचेवर आणि अर्जुनावर लटकलेली असतात.

मोहफूल, आर्वी
वाघूय आणि पाकोयी दोन्ही चौकटीत घालते. पोरं घरी तेच बोलतात. पण सोमवारी पत्रक लावायचंय. रडारच्या ओळीत चाहूल टाकू का?

हिंगणघाटकर
आधी पाकोळीचं ठरवा. आमच्याकडची पाकोळी दिवसा उडते.