रात्री कपालभाती केली की झोपच उडते, कुठे चुकतंय?

झोपमोड_ठाणेकर:
मी घोडबंदर रोडला राहते, ऑफिस ऐरोलीला. सकाळी बस, मग ठाणे स्टेशनचा दहा नंबर प्लॅटफॉर्म, ट्रान्स हार्बरची लोकल, आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. माजिवड्याला बस अडकली की मी कंडक्टरवर खेकसते, त्या बिचाऱ्याचा काय दोष! रात्री अंग टाकलं की उद्याची मीटिंग डोक्यात सुरू होते आणि छातीत धडधडतं. ईसीजी, थायरॉइड, बीपी सगळं नॉर्मल आलं, डॉक्टर म्हणाले स्ट्रेस आहे, योगा करा. आता कुठला ते काही सांगितलं नाही. मग मी व्हिडिओ बघून जेवणानंतर तासाभराने कपालभाती चालू केली, शंभर-दीडशे स्ट्रोक. आठ दिवस झाले, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि एक वाजेपर्यंत टक्क जागी. सोडून देऊ का?

गच्चीवरचा_क्लास:
कपालभाती सोडा, योग सोडू नका. अहो ती झोपायच्या आधी करायची गोष्टच नाही, हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात ती षट्कर्मांत येते, म्हणजे शुद्धिक्रिया, आणि तीसुद्धा सकाळी रिकाम्या पोटी. तुम्ही भरल्या पोटी भाता मारताय. एवढ्या जोरात श्वास टाकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि गरगर त्याचीच. बीपी किंवा हर्नियावाल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर करूच नये.
आता एक गंमत करा. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सोडा. घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. बऱ्याच जणांना बोटांखाली कळतं. म्हणजे शांत व्हायचं तर सोडणं लांबवायचं, बाकी सगळी सजावट. मनात चार आकडे घेताना, सहा सोडताना. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, असे केले की साधारण सहा होतात. पालथं झोपून मकरासनात करा, पोट जमिनीला टेकतं त्यामुळे श्वास पोटात जातोय की नाही ते आपोआप समजतं. पाच मिनिटं पुरे. दम लागला तर आकडे कमी करा, ओढूनताणून नको.

दिघा_गाव_उतरणार:
वरच्यांना +१. मी हे लोकलमध्ये उभ्याउभ्या करतो, नाक न धरता, कोणाला पत्ता लागत नाही. पूर्वी ठाण्यानंतर थेट ऐरोली यायचं, आता मधे दिघा गाव स्टेशन झालंय तर दोन-चार श्वास जास्तच मिळतात 😄 फक्त मोबाईल खिशात ठेवावा लागतो, तेच अवघड.

तलावपाळीचे_काका:
ताई, मी साठीनंतर घंटाळी मित्र मंडळात शिकलो, समोर शिकवणारा माणूस हवाच, व्हिडिओला तुमचे वर चढलेले खांदे दिसत नाहीत. दुसरं असं की काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्तच घाबरायला होतं, मला व्हायचं. तेव्हा डोळे उघडे ठेवा किंवा भ्रामरी करा, गुणगुणताना उच्छ्वास आपसूक लांबतो, मोजायची कटकट नाही. श्वास कोंडून धरण्याच्या भानगडीत एवढ्यात पडू नका. आणि छातीत दुखलं तर मात्र श्वास मोजत बसू नका, डॉक्टर गाठा.

झोपमोड_ठाणेकर:
चार दिवसांनी लिहितेय. नाडीचं खरंच कळतं! मी नवऱ्याची पण धरून बघितली. मकरासनात पहिल्या दिवशी नुसतं नाक चोंदलं, काल मात्र तिथेच डोळा लागला, गादीवर यायचं राहिलं. भ्रामरीला सासूबाई विचारत होत्या फ्रीज आवाज करतोय का. कंडक्टरवर काल परत खेकसले.