मदत हवी आहे : गावच्या रस्त्याची दाद नेमकी कुठे मागायची?

नमस्कार मंडळी. आमच्या गावचा साडेतीन किलोमीटरचा रस्ता दोन वर्षांपूर्वी डांबरी झाला आणि यंदाच्या पावसात पार उखडला. ओढ्याजवळच्या मोरीपाशी तर डांबर हातानं सोलून निघतं, खाली नुसती खडी. परवा दुधाची गाडी तिथंच कलंडली. कामाचा फलकही गायब आहे.

एका कार्यालयात गेलो तर म्हणाले, "हा आमच्याकडे नाही." राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, एवढं ठाऊक आहे. पण पैसा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचा होता, जिल्हा वार्षिक योजनेचा की ३०५४ लेखाशीर्षातला (सरकारी हिशेबातलं रस्ते-पुलांच्या खर्चाचं खातं), हे कसं शोधायचं? दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते ती मुदत) चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदारानंच स्वखर्चानं करायची असते, म्हणून हे आधी कळायला हवं.

माहिती अधिकारात काय काय मागू? कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) प्रत, गुणवत्ता चाचणीचे अहवाल एवढं पुरेल का? कुणी असा अर्ज केला असेल तर कृपया मजकूर पाठवा. शाळेची पोरं रोज याच रस्त्यानं सायकलवर जातात.