मदत हवी आहे: 'वेअरवुल्फ'ला, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाला, मराठीत काय म्हणावं?

भाचीसाठी पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरातली एक भयकथा लिहितेय. त्यात व्हॅम्पायरही आहे; त्याला 'रक्तपिपासू' म्हटलं की निवडणुकीचं भाषण वाटतं. 'वेताळ' नकोच! रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने १८७० मध्ये विक्रम-वेताळ इंग्रजीत नेताना त्याला व्हॅम्पायर केलं खरं, पण आपला वेताळ कोडी घालतो, मानेला चावत नाही. वेअरवुल्फला 'नरलांडगा' लिहिलं तर भाची म्हणे, "मावशी, मग मादी कुठाय?" 'लांडगामाणूस' कसं वाटतं?

अजून एक. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत व्हॅम्पायर काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. उन्हाने मरणं १९२२ च्या 'नोस्फेरातू' या मूकपटातून रुजलं. मग माझाही व्हॅम्पायर उन्हात फिरवला तर चालेल का, की वाचक चूक काढतील? प्लीज सुचवा, रविवारी पुढचा भाग वाचून दाखवायचाय.