पंच्याहत्तरीतलं विद्यापीठ कसं असावं, हे ठरवायचं कुणी?

करवीरकर (धागाकर्ता)
आपलं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 ला सुरू झालं, म्हणजे 2037 ला पंच्याहत्तरी. आज बालवाडी-पहिलीत बसलेली पोरं तेव्हा पदवीच्या उंबऱ्यावर असतील. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार दर पाच वर्षांनी बृहत आराखडा, म्हणजे कुठं कुठली कॉलेजं-अभ्यासक्रम हवेत याचा पुढचा बेत, करावा लागतो. अधिष्ठाता मंडळ (विद्याशाखांचे प्रमुख) तो तयार करतं आणि अधिसभा (विद्यापीठाची सिनेट) मंजूर करते. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले 10 जण असतात. पण नोंदणीचा फॉर्म भरलेले पदवीधर तुमच्या ओळखीत किती आहेत, मोजून बघा. माझ्या गल्लीत मी एकटाच.

माझं म्हणणं असं, की आराखड्याचा मसुदा पक्का व्हायच्या आधी चंदगड, शाहूवाडी, जत, माण अशा टोकाच्या तालुक्यांत न्यावा. आलेल्या प्रत्येक सूचनेपुढं ‘घेतली’ किंवा ‘का घेतली नाही’ हे छापावं. दुसरं नाही झालं तर पहिलंही करू नका, उगाच डिझेल जळेल.

जुना_मास्तर
सपशेल असहमत. सारी नोकरी महाविद्यालयात शिकवण्यात गेली, म्हणून अनुभवाचं सांगतो. आमच्याकडं एकदा अशीच ‘सर्व घटकांची’ बैठक झाली. पालक, माजी विद्यार्थी, उद्योजक, सरपंच, सगळे हजर. दोन तासांतला निम्मा वेळ शाल-श्रीफळात गेला. उरलेल्या वेळात जो उठला त्यानं आपल्या गावाला ‘बिंदू’ मागितला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आराखड्यात बिंदू असेल तरच तिथं नवीन कॉलेज काढता येतं.) आधीच्या कॉलेजात भौतिकशास्त्राला पोरं का मिळेनात, हे विचारणारा एकही निघाला नाही.

विद्यापीठ म्हणजे साखर कारखान्याची वार्षिक सभा नव्हे. हात वर करून ठरवायचं म्हटलं तर मोडी लिपीला, तत्त्वज्ञानाला, शुद्ध गणिताला किती हात वर होतील? काही गोष्टी कुणी मागत नाही, म्हणूनच त्या विद्यापीठानं जपायच्या असतात.

चंदगडी
सर, शाल-श्रीफळ गावकऱ्यांनी आणलं होतं की कॉलेजनं?

बिंदू मागतात म्हणून आम्हाला हसता. चंदगडहून कोल्हापूर शंभराच्या वर किलोमीटर. सकाळी 11 ची बैठक गाठायची म्हणजे अंधारात घर सोडायचं. आमच्यातली बरीच पोरं शिकायला सरळ बेळगावला जातात, कारण ते जवळ पडतं. म्हणजे राज्य बदलतात, पण कोल्हापूरला येत नाहीत. हे आराखड्याच्या कुठल्या रकान्यात बसतं? आम्ही बिंदू मागतो कारण मागायला तेवढाच एक शब्द आम्हाला माहीत आहे. एसटीची वेळ, मुलींचं वसतिगृह, संध्याकाळचे वर्ग हेही मागता येतं, हे कुणी सांगितलंच नाही.

फौंड्रीवाला
शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतनं लिहितोय, ओतकामाचा कारखाना आहे. उद्योगांना विचारा, उद्योगांना विचारा, असं सगळेच म्हणतात. अहो, मला विचारलं तर मी उद्या सकाळी लागणारा माणूस मागणार, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणारा. 2037 ला माझ्या शेडमध्ये काय असेल हे मला कुठं ठाऊक? पूर्वी मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) माणसं मागितली असती, आज तिथं मशीन उभं आहे. माझ्या मागणीवर पदवी बेतली असती तर ती पोरं आज घरी बसली असती.

आमच्याकडनं मागणी घेऊ नका, अडचण घेऊन जा. ओतकामात वापरलेली वाळू टाकायची कुठं, हा शिरोली-गोकुळ शिरगावचा जुना ठणका आहे. त्यावर चार पोरं कामाला लावा, वाळू मी फुकट देतो. लागेल तेवढी.

रंकाळ्याकाठी
फौंड्रीवाल्या दादांना +1. वाळूसकट.

फायलींतली_ताई
मी कार्यालयीन कर्मचारी आहे, कुठली ते विचारू नका. प्रत्येक सूचनेपुढं कारण छापायचं म्हणता, ते टाईप कोण करणार? एका टेबलाचं काम नाही ते. आणि ‘सर्व घटक’ म्हणताना शिपाई-लिपिक कधी आठवतात का बघा. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरायच्या तर परवानगी मंत्रालयातनं यावी लागते. ज्याच्या हातात पैसा तो घटक जतच्या बैठकीला येणार नाही. मग आराखडा कितीही गावांत वाचा.

जुना_मास्तर
ताईंचा मुद्दा बिनतोड. चंदगडींना उत्तर: शाल कॉलेजनं आणली होती, मान्य. तरी माझी रेघ तीच. कॉलेज कुठं, वर्ग कधी, वसतिगृह किती, हे लोकांना विचारा. काय शिकवायचं ते शिकवणाऱ्यांवर सोडा.

करवीरकर
सर, ही रेघ पुसट आहे. गणिताचा वर्ग 60 किलोमीटरवर ठेवला की तालुक्यातल्या पोरींसाठी गणित बंदच झालं. ते कुणी ठरवलं, शिकवणाऱ्यांनी की एसटीनं? ताई, टायपिंगचं पटलं. सारख्या सूचना एकत्र करून एकच कारण द्यावं, पण द्यावं.

चंदगडी
पहिली बैठक आमच्याकडं ठेवा, रविवारी. चहा माझ्याकडं. शाली आणू नका.

जुना_मास्तर
मत बदललेलं नाही. पण येईन. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे?