मदत हवी आहे: टेकडीवरचा गवताळ माळ खड्ड्यांपासून कसा वाचवू?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका टेकडीवर आमचा रविवारचा गट आहे. पंधरा-वीस जण, सातवीतल्या मुलापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकांपर्यंत. सकाळी सहाला पायथ्याशी जमायचं, कॅन भरून वर जायचं, झाडांना पाणी घालायचं, आळी करायची, पक्ष्यांच्या थाळ्या भरायच्या, बाटल्यांच्या काचा वेचून खाली आणायच्या. मी सहा वर्षं जातेय. ही माणसं मला घरच्यासारखी आहेत, म्हणूनच हा धागा काढताना जीव वरखाली होतोय.

झालंय असं की एका कंपनीकडून यंदा आम्हाला ५०० रोपं मिळणार आहेत. वड, पिंपळ, कडुनिंब, बहावा, ताम्हण, अर्जुन अशी. रोपं जुलैत लावायची, म्हणजे मे संपायच्या आत खड्डे खणून उन्हात तापू द्यायचे. गटाने त्यासाठी माथ्यावरचा मोकळा माळ ठरवला आहे, कारण "ती जागा रिकामीच आहे".

ती रिकामी नाही. मला हे दिसतं, पण चारचौघांत बोलायला उभी राहिले की नीट मांडता येत नाही. त्यासाठीच मदत हवी आहे.

गेल्या मे महिन्यात त्याच माळाच्या कडेला आम्ही ४० खड्डे खणले होते. मुरूम असा की पहार आपटली की हात झिणझिणतात. माझ्या खड्ड्यातून मातीबरोबर पांढुरके कंद निघाले, शेंगदाण्याहून जरासे मोठे, सात-आठ तरी असतील. एक नखाने सोलून पाहिला, आत ओलसर आणि चिकट होता. वर ना पान ना दांडा. कसली तरी मुळी असेल म्हणून मी ते ढिगाऱ्यावर टाकून दिले आणि पुढचा खड्डा घेतला. दोन दिवसांच्या उन्हात ते सुरकुतून गेले.

आषाढात रोपाला काठी बांधायला गेले, तर माझ्या आळ्याच्या बाहेर, अगदी कडेला लागून, पांढरी फुलं उभी होती. एका दांड्यावर एकच फूल, बुडाशी जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान. आषाढ आमरी. जमिनीत वाढणारं ऑर्किड. सगळं आयुष्य त्या कंदात घालवायचं आणि पावसाच्या थोड्या आठवड्यांत वर येऊन फुलायचं, अशी ही वनस्पती. आळ्याच्या आत एकही फूल नव्हतं. मी उन्हात टाकलेले कंद कशाचे होते, ते तेव्हा कळलं. त्या ४० रोपांपैकी आज ११ जगली आहेत.

यंदा एप्रिलमध्ये त्याच माळावर माळटिटवीने अंडी घातली. घरटं म्हणायला काही नाही, मुरमातला उथळ खळगा आणि भोवती खडे. चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला, मातीच्याच रंगावर काळपट ठिपके. मी दोन पावलांवर होते तरी मला दिसली नव्हती. पाखराने ओरडून आकाश डोक्यावर घेतलं म्हणून पाय थांबला. मग लांब जाऊन तासभर बसले. आमच्याच गटाने भरलेल्या थाळीत ती आली, पोटाची पिसं भिजवली आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसली. मे महिन्यात तिथे वीस माणसं पहारी घेऊन फिरली तर काय होईल, हे मला कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

त्या माळावर कुसळी आहे, पवन्या आहे. पहिल्या पावसानंतर काळी मुसळीची पिवळी चांदण्यांसारखी फुलं येतात, श्रावणाकडे तेरडा, पुढे सोनकी. चंडोल गवतातच अंडी घालतात. या सगळ्यांना उघडं ऊन लागतं. सावली पडली की आधी गवत जातं आणि त्याच्यामागे बाकीचे. अर्जुन तर ओढ्याकाठचं झाड. माथ्यावरच्या वीतभर मातीत ते आम्ही कॅनच्या पाण्यावर किती वर्षं जगवणार?

उलट पूर्वेच्या उतारावर सगळी उंदीरमारी आहे, म्हणजे ग्लिरिसिडिया. खाली दुसरं काही उगवत नाही, पक्षीही फारसे थांबत नाहीत. झाडं लावायची तर तिथे काही करता येईल का?

आता खरी अडचण. आमचे ज्येष्ठ काका सत्तावीस वर्षं या टेकडीवर पाणी वाहताहेत. पट्ट्याने खांद्याला घट्टा पडलाय. खालच्या वाटेवरचे कडुनिंब आणि करंज त्यांनी जगवले, आज त्यांच्या सावलीत आम्ही डबे उघडतो. मी माळाचा विषय काढला तेव्हा ते चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, "म्हणजे आम्ही एवढी वर्षं चुकलो का गं?" मला पुढे बोलताच आलं नाही. ते चुकले नाहीत. मला त्यांना दुखवायचं नाही आणि माळही जाऊ द्यायचा नाही.

काकांशी कसं बोलू, रोपांचं काय करू, उंदीरमारीला हात लावायचा तर परवानगी कुणाची लागते, आणि फेब्रुवारीपासून गवत वाळलं की वणव्याची भीती असते त्यावर काय करता येईल? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. हातात जेमतेम तीन आठवडे आहेत.

प्रतिसाद १

ताई, आम्ही दुसऱ्या टेकडीवर बारा वर्षं उंदीरमारीशीच झगडतोय, तेव्हा तेवढ्यापुरतं सांगतो.

पहिलं काम, जमीन कुणाची ते काढा. वन विभागाची असेल तर झाड लावायलाही परवानगी लागते, तोडणं लांबच. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. महापालिकेची असेल तर १९७५च्या राज्याच्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. झाड परदेशी आहे म्हणून सूट नाही. चांगल्या कामात असा गुन्हा अंगावर घेऊ नका.

दुसरं, मोठं झाड तोडून काही मिळत नाही. उंदीरमारी मूळची मध्य अमेरिकेकडची. भराभर वाढते, गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या टेकड्या हिरव्या करायला ती आणली गेली. बुंधा कापला की त्याच बुडातून चहूबाजूंनी फुटवे येतात आणि एकाची दहा होतात. कापलेली फांदी ओल्या मातीत पडली तर तीसुद्धा रुजते. आम्ही तोडत नाही, तिचा प्रसार अडवतो. शेंगा वाळल्या की तडकतात आणि बी लांब उडवतात, म्हणून परवानगी घेऊन हिरव्या असतानाच उतरवतो. पावसाळ्यात माती मऊ असते, तेव्हा वीतभर उंचीची पिल्लं मुळासकट हाताने उपटतो. मुलांना हे काम फार आवडतं.

तिसरं, वन विभागाच्या संमतीने काही झाडांच्या फांद्या छाटून आम्ही खाली ऊन पाडलं. त्या कवडशांत आमच्याच टेकडीवरची झाडं लावली: मेडशिंगी, गणेर, शेमट, सालई, पांगारा, खैर. शेमट आणि पांगारा मनगटाएवढ्या फांदीवरून लागतात, नर्सरीची गरज नाही. उंदीरमारीची पानं कुजून मातीत नत्र वाढलेलं असतं, त्याचा फायदा या झाडांना मिळतो. आज तिथे गणेर फुलतो. फेब्रुवारीत पान नसलेल्या फांद्यांवर ती मोठी पिवळी फुलं पाहायला काकांना घेऊन या, मी वाट दाखवेन.

तुमची ५०० रोपं मात्र परत करू नका. वड-पिंपळ पायथ्याच्या शाळेला द्या. अर्जुन आणि ताम्हण ओढ्याकाठी. कंपनीला फोटो हवे असतात, ते तिथेही मिळतील.

प्रतिसाद २

तुमची कळकळ समजते, पण राहवत नाही म्हणून लिहितो. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. आमच्या लहानपणी टेकड्या उघड्याबोडक्या होत्या, आता हिरव्या दिसतात ते तुमच्या काकांसारख्या माणसांमुळे. झाडं लावणाऱ्यांना अडवायचं आणि गवत राखायचं, हे सामान्य माणसाला कसं पटणार? शिवाय मोकळी जागा दिसली की तिच्यावर रस्ता नाहीतर बांधकाम येतं. झाडं असली तर निदान चार माणसं आडवी पडतात.

धागाकर्ती

दादा, तुमचा शेवटचा मुद्दा मलाही रात्री झोपू देत नाही. मोकळं म्हणजे पडीक, पडीक म्हणजे कुणीही घ्यावं, असंच होत आलंय. पण माळ वाचवायला त्याचा माळपणाच पुसला, तर वाचवलं काय? माझ्या मते उपाय उलटा आहे. तिथे काय काय राहतं त्याची नोंद करायची आणि ती कागदावर आणायची. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमची टिटवी, आमची आमरी त्या वहीत गेली तर "इथे काही नाही" असं म्हणणं अवघड होईल.

उन्हाचं म्हणाल तर सावली जिथे माणसं राहतात तिथे आधी हवी. आमच्या सोसायटीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना एक झाड नाही. तिथे मी स्वतः खड्डे खणायला येते. खरंच या.

प्रतिसाद ३

ताई, काकांशी बोलताना एक गोष्ट सांगून बघा. पंढरपूरला विठोबाच्या देवळात कान्होपात्रेचं म्हणून जे झाड सांगतात ते तरटीचं. तरटी म्हणजे काटेरी, उघड्या कोरड्या रानातलं झाड, दाट जंगलातलं नव्हे. जुन्या मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे असे उल्लेख गोळा करून संशोधकांनी दाखवलंय की पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं शेकडो वर्षांपूर्वीही माळरानंच होती. जंगल तोडून झालेली उजाड जागा नव्हे ती. वारकरी घरातल्या माणसाला हे चटकन पोचतं, माझ्या वडिलांना पोचलं.

वणव्याचं: वन विभागाकडून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढून घ्या, गवत वाळायच्या आत, म्हणजे दिवाळीनंतर लगेच मागे लागा. आग दिसली की १९२६ हा वन विभागाचा टोल फ्री नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे. ओली पोती आणि हिरव्या फांद्या घेऊन स्वतः आगीत शिरू नका, मुलांना तर मुळीच नको. आणि बहुतेक आगी माणसाच्याच असतात, तेव्हा जानेवारीपासून संध्याकाळची फेरी ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण काल काकांना एकटीच माळावर घेऊन गेले होते.

भाषण केलं नाही. थाळीपासून लांब, दगडावर दोघं बसलो. मी माझ्या खड्ड्याची गोष्ट सांगितली, ते कंद मी कसे फेकले तेही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. तेवढ्यात टिटवी आली, भिजली, गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा येते?" मला माहीत नव्हतं. आज सकाळपासून ते स्वतः वही घेऊन वर बसलेत. नऊपर्यंत चार वेळा आली, असा त्यांचा निरोप आहे.

तरटीची गोष्टही सांगितली. त्यांची आई वारी करायची, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

गटाचा निर्णय अजून व्हायचाय. काहींना कंपनीला शब्द दिल्याची काळजी आहे. पण काकांनी एक अट घातली आहे की माळावर आधी फक्कीने आखणी करायची, जिथे कंद असतील तो भाग सोडायचा, आणि टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडून पांगेपर्यंत वर कुणी पहार न्यायची नाही. रविवारी सहाला फक्की, दोरी आणि खुंट्या घेऊन जातोय. वन विभागाच्या पत्राचा मसुदा मी लिहिलाय, तो इथे उद्या टाकते, चुका काढा.

एक तातडीचा प्रश्न उरलाय. आषाढ आमरीचं मे महिन्यात जमिनीवर काहीच दिसत नाही. गेल्या वर्षीचे माझ्या फोनमधले फोटो सोडले तर आमच्याकडे काही खूण नाही, आणि त्यातही जागा नीट कळत नाही. न खणता, नुसतं जमिनीकडे पाहून कंदांची जागा ओळखायची काही युक्ती कुणाला माहीत आहे का? वाळलेला दांडा, आजूबाजूचं ठरावीक गवत, काहीही चालेल. शनिवार संध्याकाळपर्यंत कळलं तर फार बरं होईल.